गार्डसाहेबांचा बँड

पाचोऱ्यात त्या काळी बँड बरेच होते, पण हिरव्या झेंडीशिवाय न हलणारा बँड एकच होता आणि त्या बँडचा मी स्टेशनमास्तर होतो. हसू नका. माझ्या टेबलावर तशी पाटीच होती.

माझा बाप पहूरकडे दुसऱ्याच्या मळ्यात सालदार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. जळगावला राहून बी.ए. झालो, तेव्हा गावात पेढे वाटले आणि आईने ज्याला त्याला सांगितलं, पोऱ्या आता साहेब होणार. साहेब व्हायला कोणी बोलावलं नाही. वर्ष घरी बसलो. मग एका ओळखीच्याने या बँडच्या दुकानात नेलं. सुपाऱ्या घ्यायच्या, तारखा लावायच्या, एवढंच काम. मालकांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उजेडात धरून पुढून मागून पाहिलं आणि म्हणाले, "ग्रॅज्युएट माणसाला क्लार्क म्हणणं बरं नाही. तू स्टेशनमास्तर. गाडी कधी सुटायची ते तू ठरवायचं, कशी चालायची ते मी बघतो."

मालकांना सगळे गार्डसाहेब म्हणत. खरं नाव लिहीत नाही, त्यांचे घरचे अजून पाचोऱ्यात आहेत. उभी नोकरी त्यांनी नॅरोगेजच्या छोट्या गाडीवर गार्ड म्हणून काढली. ती गाडी म्हणजे आम्हा लोकांचं घरचंच जनावर. बोरं दिसली की लोक उतरायचे, ओंजळभर वेचायचे आणि पळत येऊन पुन्हा तोच डबा धरायचे. कोणाची म्हैस रुळावर बसलेली असायची, कोणाची सासू अजून घरातून निघालेली नसायची. एवढ्या गोतावळ्यात एक माणूस काळा कोट घालून, शिट्टी तोंडात धरून, घड्याळाकडे बघत जळत उभा असायचा. ते गार्डसाहेब. रिटायर झाले, पण कोट उतरला नाही. मे महिन्यात आमच्याकडे कावळासुद्धा झाडाखालून हलत नाही, तेव्हाही साहेब पितळी बटणं गळ्यापर्यंत लावून.

बँड त्यांनी का काढला त्याची एक गोष्ट ते सांगत. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात सकाळपासून वाजवत असलेला एक पोरगा जेवणं होईपर्यंत भिंतीला टेकून झोपला, तोंडात ट्रम्पेट तसंच. श्वास घेई तसा त्यातून बारीक सूर निघे. पाहुणे पोट धरून हसले. साहेबांना हसू आलं नाही. ते म्हणत, "ड्यूटीवर माणूस झोपला तर चूक झोपणाऱ्याची नसते, ड्यूटी लावणाऱ्याची असते. रेल्वेत हे सिग्नलवाल्याला कळतं. गाण्याबजावण्यात कोणाला कळतं? तिथे म्हणतात, कलाकार आहे, त्याला भूक लागत नाही."

म्हणून त्यांनी ठरवलं, बँड काढायचा आणि रेल्वेच्या नियमाने चालवायचा. नियम पाळायचा म्हणजे कसा पाळायचा, ते आता सांगतो.

आठ तासांच्या वर कोणी वाजवायचं नाही. वरात रंगात आलेली, पोरं रुमाल तोंडात धरून नाचत असलेली, अशात ट्रम्पेटवाल्याचे तास भरायचे. मग मागच्या गाडीवरून दुसरा ट्रम्पेटवाला उतरायचा. दोघे समोरासमोर उभे राहायचे, सलाम करायचे, पहिला ट्रम्पेट पुसून दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि म्हणायचा, "चार्ज दिला." दुसरा म्हणायचा, "चार्ज घेतला." तेवढा वेळ गाण्यात भोक पडायचं. नाचणारी पोरं एक पाय वर धरून थांबायची. पुढे पुढे लोकांना ते भोकच आवडायला लागलं. मुद्दाम बघायला यायचे.

आठवड्याची सुट्टीही ज्याची त्याला. सगळ्यांना एका दिवशी दिली तर धंदा बसेल, म्हणून साहेबांनी सुट्ट्या वाटून दिल्या. मंगळवारी मोठ्या ढोलवाल्याची सुट्टी. मंगळवारचं लग्न असलं की मला सुपारी घेतानाच सांगावं लागे, "ढोल मिळणार नाही." एकदा भडगावकडचे एक आबा चिडले. म्हणाले, "आरे भो, बिगर ढोलना बँड म्हंजे बिगर नवरदेवनी वरात!" साहेब आतून म्हणाले, "आबा, तुमचा बैल पोळ्याला नांगराला जुंपता का?" आबांनी मान डोलावली. सुपारी मात्र दुसरीकडे दिली.

आणि त्या ढोलावर बँडचं नाव नव्हतं. दुसऱ्यांच्या ढोलावर मालकाचं नाव असे, बाजूला गुलाब. आमच्या ढोलावर सगळ्यांची नावं. वाजवणारे, बत्तीवाल्या बाया, ट्रकवाला, कोटांना इस्त्री करणारा, एवढंच नाही, तर तालमीच्या वेळी आपली पिठाची गिरणी बंद ठेवणारा शेजारीसुद्धा. साहेबांचं म्हणणं, त्याने गिरणी चालू ठेवली असती तर सूर ऐकू आला असता का? नाही ना? मग तोही बँडमध्ये. एवढी नावं मावायची तर अक्षर मुंगीएवढं. ढोलाजवळ तोंड नेऊन वाचावं लागे आणि ढोलवाला तेवढ्यात दणका द्यायचा. गिऱ्हाईक विचारत येई, "तो ढोलावर मुंग्या असलेला बँड कुठला?"

पुढे विजेच्या बत्त्यांची गाडी निघाली. जनरेटर, चाकं, ट्यूबलाइटच्या रांगा. सगळ्या बँडवाल्यांनी गाड्या घेतल्या आणि डोक्यावर ग्यासबत्त्या वाहणाऱ्या बायांना घरी बसवलं. साहेबांनीही गाडी घेतली, पण बाई एकही कमी केली नाही. त्या गाडीला एकच बटण होतं. ते दाबायला चार बाया, पाळीपाळीने. बाकीच्या चौघी बटणाच्या राखीव. मी म्हटलं, "साहेब, एका बटणाला आठ बाया?" ते म्हणाले, "मशीन आलं की काम हलकं होतं, माणूस हलका होत नाही."

पण हे फार पुढचं. बत्त्या डोक्यावर होत्या तेव्हाची गोष्ट सांगायची आहे, कारण साहेब म्हटले की मला तीच आठवते. ती शेवंताबाईची गोष्ट आहे.

शेवंताबाई बत्तीवाल्यांतली सगळ्यात जुनी. नुसती बत्तीवाल्यांत नव्हे, अख्ख्या बँडात जुनी. साहेबांनी बँड काढला तेव्हा वाद्यांच्या आधी बत्त्या आणल्या होत्या. "गाडीला आधी दिवा, मग इंजिन," असं त्यांचं शास्त्र. त्यामुळे महिनाभर बँडमध्ये फक्त बत्त्या होत्या आणि नोकरीवर एकटी शेवंताबाई. पोटाशी एक पोरगी, नवरा देवाघरी. त्या महिन्यात ती रोज यायची, काचा पुसायची, आणि बँड अजून आला नाही म्हणून परत जायची.

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटती बत्ती, असं कित्येक वर्षं झाल्यावर एका लग्नसराईच्या तोंडावर ती दुकानात आली ती गळ्याला पांढरा पट्टा बांधून. मान इकडे नाही, तिकडे नाही. माझ्याशी बोलायचं तर सबंध अंग वळवायची.

"भाऊ, मनी मान गई," ती म्हणाली. "डाकटर सांगस, आते डोकावर वझं लेवानं नही. कधीच नही."

बत्तीवालीला बत्ती उचलता येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या बँडात त्याच दिवशी हिशेब मिटला असता. ते तिलाही ठाऊक होतं. ती उभीच राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "कोट धुवानं काम शे का काही? पोरगी आवंदा दहावीले शे."

साहेब आतून आले. पट्टा पाहिला. "ड्यूटीवर झालं ना हे?"

"डोकावरच झायं."

"म्हणजे ड्यूटीवर. मग घरी बसवायचा प्रश्नच नाही. शरीराने अनफिट झालेल्या माणसाला हलकी ड्यूटी द्यायची, असा नियम आहे." मग ते माझ्याकडे वळले. "स्टेशनमास्तर, आपल्या बँडमध्ये सगळ्यात हलकी वस्तू कोणती?"

मी म्हटलं, "बासरी."

"ती फुंकावी लागते. त्याच्याहून हलकी?"

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला मास्तरची काठी टेकलेली होती. चंदेरी बेगड लावलेली, वर गोंडा. आमचा बँडमास्तर नुकताच बऱ्हाणपूरकडे जावयाच्या बँडात निघून गेला होता. मास्तरचं काम पुढे उभं राहून काठी हलवायची, गाणं कधी सुरू करायचं, वरात कधी पुढे न्यायची ते दाखवायचं. जागा रिकामीच होती.

"साहेब, मस्करी करू नका," मी म्हटलं.

"मस्करी? सगळ्यात सीनियर कोण? शेवंताबाई. हलकी ड्यूटी कोणाला हवी? शेवंताबाईला. रिकामी जागा कोणती? मास्तरची. तीन सिग्नल हिरवे आहेत, आणि तू गाडी थांबवतो?"

मला राग आला. म्हटलं, "पण तिला गाण्यातलं काय येतं?"

तर ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "तू पहिल्या दिवशी कॉलेजात गेला, तेव्हा तुला काय येत होतं?"

"काहीच नाही."

"तरी बसू दिलं ना वर्गात? कोणी म्हणालं का, सालदाराचा पोरगा आहे, आधी सगळं शिकून ये, मग शिकायला बस?"

मी उठलो आणि भिंतीची काठी आणून टेबलावर ठेवली.

शेवंताबाई मात्र घाबरली. "साहेब, माले हसतीन लोके."

"हसू द्या. हसायला तिकीट लागत नाही."

खरा भडका दुसऱ्या दिवशी तालमीत उडाला. आमचे क्लॅरनेटवाले दगडूनाना. पन्नाशीचे, मिशा पिळलेल्या, आणि वाजवायला बसले की गिरणीवाला स्वतःहून गिरणी बंद करायचा. मास्तरची काठी आपल्याच हाती येणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. नवा कोटसुद्धा शिवायला टाकला होता.

"मी इतला वरीस फुकी ऱ्हायनू," ते उभे राहून म्हणाले, "आनि मास्तर कोन? बत्तीवाली? साहेब, कला म्हंजे काय मालगाडी शे का, जो डबा पहिले लागना तो पुढे?"

"नाना, तुमच्या कलेला कोणी हात लावत नाही. तुम्ही इंजिन आहात. पण इंजिनाला सिग्नल दाखवणारा इंजिनाहून जोरात पळू शकतो का? त्याला फक्त उभं राहावं लागतं."

"मंग खांबच उभा करी द्या ना! तो बी उभाच ऱ्हास!"

सगळे हसले. शेवंताबाई काठी धरून उभी होती, ती हसली नाही. तिला वळता येत नव्हतं, म्हणून हसतंय कोण तेही तिला दिसत नव्हतं.

शेवटी नानांनी निर्वाणीचं सांगितलं. "एक लगीन. रावेरनं लगीन ई ऱ्हायनं, मोठं शे. जमनं ते जमनं. नही जमनं ते बाई घर जाई. आनि तिले ठेवशात ते मी घर जासू. मनासंगे बठ्ठा जातीन." बाकीच्या सगळ्या वाजवणाऱ्यांनी होकाराच्या माना डोलावल्या. साहेबांनी घड्याळ काढून पाहिलं, ते का पाहिलं कोण जाणे, आणि म्हणाले, "मंजूर."

म्हणजे सगळं रावेरवर आलं. बाईचं पोट, पोरीची दहावी आणि साहेबांचा बँड.

साहेबांनी तिला शिकवायला घेतलं. दुकानामागच्या अंगणात ओळीने हातगाड्या लावलेल्या असत. त्यांच्यासमोर ती काठी घेऊन उभी राही. काठी उभी म्हणजे सुरू, आडवी म्हणजे थांबा, खालून वर म्हणजे पुढे चला. संगीताचा यात काही संबंध नव्हता, निव्वळ रेल्वे होती. मास्तरचा कोट तिला गुडघ्यापर्यंत आला. टोपी तिने पदरावर घातली, कारण डोक्यावरचा पदर काढणार नाही म्हणाली. गळ्यात पट्टा. पोरगी दुरून बघत होती, ती म्हणाली, "माय, तू फौजदारनी दिसस." शेवंताबाई त्या आठवड्यात तेवढी एकदा हसली.

रावेरला आम्ही दुपारी ट्रकने पोचलो. मुहूर्त रात्री आठचा. नवरदेवाकडचे जवळच्याच खेड्यातले, केळीवाले, ऐपतदार. वरात मारुतीच्या देवळापासून निघून मांडवात जायची. वरबाप फेटा सावरत आले, त्यांनी आमच्या रांगेकडे पाहिलं आणि त्यांचा पानाचा तोबरा तसाच राहिला.

"हे कोन आहे?"

"बँडमास्तर," साहेब म्हणाले.

"अरे बापा, बाई आहे नं ही!"

"पद आहे. पदाला बाई-पुरुष नसतं."

"मह्या पोराच्या लग्नात बाई काठी फिरवीन? पोरीवाले याही काय म्हनतीन?"

"वेळेवर आले म्हणतील," साहेब म्हणाले. "तेवढंच म्हणायला मिळालं तर पुष्कळ." आणि आपल्या जागेवर निघून गेले. त्यांची जागा वरातीच्या सगळ्यात मागे. गार्डाचा डबा मागेच असतो. हातात लाल कंदील, म्हणजे मागे आता काही नाही हे जगाला कळावं.

मागून शिट्टी झाली. हिरवी झेंडी हलली. शेवंताबाईने काठी उभी केली. बँड सुरू झाला आणि वरात चालू लागली. मला वाटलं, जमलं.

केळीच्या गाड्या भरायच्या मैदानापाशी घोटाळा झाला. नवरदेवाच्या दोस्तांनी गोल धरला. नाना डोळे मिटून त्या वर्षीचं पडद्यावरचं गाजलेलं गाणं वाजवायला लागले. ते संपलं की पुन्हा तेच. मग पुन्हा तेच. शेवंताबाईने काठी खालून वर नेली, पुढे चला. कोणी हललं नाही. तिने पुन्हा नेली. नानांनी एक डोळा उघडला, पाहिलं आणि मिटला. मला कळलं, नाना नवरदेवासाठी वाजवत नव्हते, बाईसाठी वाजवत होते. पोरं धुळीत लोळत होती, मागे केळीच्या बैलगाड्यांची रांग खोळंबली होती, आणि मास्तर बिचारी हवेत काठी मारत होती. कोणीतरी ओरडलं, "ओ फौजदारीन, माशा हाकलून राह्यली का?" लोक खदखदून हसले. सूर्य केव्हाच गेला होता. उजेड होता तो फक्त आठ बत्त्यांचा.

तेवढ्यात मांडवाकडून नवरीची मावशी धावत आली. गर्दीत तिला पुरुषांशी बोलता येईना, म्हणून ती बत्तीवाल्या बायांपाशी आली आणि म्हणाली, "बाया हो, सांगा नं कोनाले तरी. पोरीले सकाळपासून उपास आहे, लग्न लागल्याशिवाय पानीबी घेत नाही म्हनते. आता चक्कर येऊन राह्यली तिले."

शेवंताबाईने ते ऐकलं. ती सबंध वळली. आधी नानांकडे पाहिलं, मग नाचणाऱ्या पोरांकडे. मग तिने काठी काखेत मारली आणि बत्तीवाल्या बायांना म्हणाली,

"चाला वं! पोर उपाशी शे तठे."

आणि चालायला लागली.

बत्तीवाल्या बायांना काठीबिठी काही कळत नव्हती. शेवंताबाई चालली की मागे चालायचं, हे त्या वर्षानुवर्षं करत होत्या. आठही बत्त्या हलल्या. वरातीच्या घोड्याला सवय बत्तीमागे जायची. तोही निघाला, त्याच्यावर नवरदेव, नवरदेवापुढे बसलेला भाचा. क्षणात मैदानात मिट्ट काळोख झाला. नाचणारी पोरं एकमेकांवर आदळली. कोणी कोणाच्या तरी फेट्याला धरून नाचत राहिला. वरबाप अंधारात ओरडत होते, "नवरदेव कुठी गेला? महा नवरदेव कुठी गेला?"

नानांनी डोळे उघडले तर समोर काही नाही. गाणं तर तोंडात. एकदा लावलेलं गाणं अर्धवट सोडायचं नाही, हा त्यांचा घराण्याचा नेम. मग काय करणार? क्लॅरनेट फुंकत धावायला लागले. त्यांच्यामागे ट्रम्पेट धावले, त्यांच्यामागे ढोलवाला, ढोल पोटावर, पावलागणिक एक ठोका. त्या गाण्याची लय काय झाली ते लिहून सांगता येणार नाही. सगळ्यात मागून साहेबांनी बत्त्या हललेल्या पाहिल्या. त्यांना वाटलं, लाइन क्लिअर. त्यांनी जीव खाऊन शिट्टी मारली आणि लाल कंदील घेऊन तेही पळत सुटले. काळा कोट वाऱ्यावर. मी त्यांच्या बाजूने पळत होतो. ते एवढंच म्हणत होते, "राइट टाइम... राइट टाइम..."

आम्ही मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा नवरीचा बाप बनियनवर पाण्याचं पिंप ढकलत होता. भटजी चहा बशीत ओतत होते. आमच्याकडे वरात वेळेवर येते असं कोणी बापजन्मी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे कोणाची तयारीच नव्हती. नवरीच्या बापाच्या हातून पिंप सुटलं.

"इतक्यात? अहो, नाक कापता का आमचं?"

साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "आठ. मिनिटावर." आणि मग ओट्यावर बसले. मला वाटलं, धाप लागली. पाहतो तर कंदील मांडीवर घेऊन माणूस मुसमुसत होता. उभ्या नोकरीत साधलं नव्हतं ते साधलं होतं.

भांडण मात्र जुंपलं. मागून वरबाप आले, धोतराला धूळ. "आमचा नाच बुडाला!" इकडे नवरीचा बाप, "आमची फजिती केली!" दोन्ही व्याह्यांचं त्या लग्नात एकाच गोष्टीवर एकमत झालं, की बँड नालायक आहे आणि ही बाई कोणी आणली. नाना भिंतीला धरून वाकले होते. बोलायला दम नव्हता, पण दम येताच काय बोलणार ते तोंडावर दिसत होतं. शेवंताबाई एका बाजूला उभी. कोटाची बटणं काढायला लागली होती.

तेवढ्यात आतून नवरीची आजी आली. सगळे तिला अक्का म्हणत. काठी टेकत सरळ व्याह्यांच्या मधून चालत आली.

"गप व्हा रे दोघं. मह्या लग्नात मह्या नवऱ्याची वरात इतक्या उशिरा आली, का मी मांडवात भुकेनं झोपी गेली होती. माय हात धरून अक्षता टाकत होती मह्यावर. वेळेवर आनली कोनं आज?"

एका बत्तीवालीने शेवंताबाईकडे बोट दाखवलं.

अक्काने शेवंताबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. टोपी, पट्टा, कोट. "चाल बाई. लग्न लागलं का मह्याजवळ बस जेवायले. पहिल्या पंगतीले."

आमच्याकडे बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला कोणी विचारत नाही. सगळं गाव उठलं की मागच्या दाराला पान, तेही उरलंसुरलं. साहेबांचा या एका गोष्टीवर प्रत्येक लग्नात वाद व्हायचा आणि प्रत्येक लग्नात ते हरायचे. शेवंताबाई हो म्हणाली असती तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं. तिने सबंध वळून धापा टाकणाऱ्या बँडकडे पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, मना बँड धावी धावी उना. बठ्ठा बसतीन ते मी बससू."

"मना बँड" म्हणाली, माझा बँड. मी ऐकलं. नानांनीही ऐकलं.

अक्का म्हणाली, "मंग बसवा नं. बट्ट्या काय कमी आहे का?"

मंगलाष्टकं झाली, नवरी पाणी प्याली आणि पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वर तुपाची धार. वाजवणारे ओळीने बसले, बत्तीवाल्या बायकांच्या पंगतीत अक्काजवळ. साहेब बसले नाहीत. हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले, प्लॅटफॉर्मवर मारतात तशा. दगडूनाना मान खाली घालून जेवले. तूप वाढणाऱ्या पोराने वाकून विचारलं, "मास्तर, अजून?" तर नाना म्हणाले, "मास्तर तिकडे शे." आणि वाटी पुढे केली.

रात्री आम्ही तिथल्याच शाळेत झोपलो. सकाळी केळी उतरवून आलेला एक रिकामा ट्रक मिळाला, त्यात केळीखाली अंथरलेल्या पाचटावर बसून निघालो. निकाल अजून लागलेला नव्हता. एक लग्न झालं होतं, जमलं की नाही जमलं ते नानांनी सांगायचं होतं. शेवंताबाई ट्रकच्या एका कोपऱ्यात, कोटाची घडी मांडीवर, काठी बाजूला. तिने घडी इतकी नीट घातली होती की मला कळलं, परत द्यायच्या तयारीने बसली आहे.

सावदा मागे पडलं तेव्हा नाना खाकरले.

"साहेब, एक सांगानं शे."

"कशाबद्दल?"

"कालना कामबद्दल. वरातना कामबद्दल."

साहेबांनी हात वर केला. "ती तक्रार माझ्याकडे नाही. आधी मास्तरकडे करायची. मास्तरने ऐकलं नाही तर माझ्याकडे. तोच रस्ता आहे."

नाना साहेबांकडे बघत राहिले. मग मिशीवरून हात फिरवला, आणि फळीला धरून उठले. ट्रक हेलकावे खात होता. दोनदा बसले, दोनदा उठले, पाचट तुडवत सगळ्यांच्या पायांवरून त्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि शेवंताबाईच्या समोर उकिडवे बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "पुढला लगीनमा जराखं धीरे चालज्यात. फुकता फुकता धावता येत नही माले. दम लागस."

शेवंताबाईने मांडीवरचा कोट उचलला, झटकला आणि अंगात घातला. सगळी बटणं लावून झाल्यावर म्हणाली,

"पाहसू. इचार करसू."